औंढ्याच्या वेधशाळेत लॉगिन कुणाचं?

आजचा भाग औंढा नागनाथचा. देवळाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच: नामदेव महाराजांना समोर उभं राहून कीर्तन करू दिलं नाही, ते मागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका आहे. नंदी आजही मागच्या बाजूला आहे. थोडक्यात, आत कुणाला सोडायचं आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

याच औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया उभी राहतेय. 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेझर. दूर कुठेतरी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी थरथर उठते, ती हे यंत्र टिपणार. केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 मध्ये आली आणि 2600 कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी एप्रिल 2023 मध्ये. काम चार संस्थांकडे आहे: पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि मुंबईतलं अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय. म्हणजे यंत्र औंढ्यात आणि माणसं चार शहरांत, शिवाय अमेरिकेतले सहकारी वेगळे. एवढ्या लोकांना लांबून सर्व्हरवर यायचंय. कुणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं?

हा प्रश्न किरकोळ वाटतो ना? मग 14 सप्टेंबर 2015 ची गोष्ट ऐका. जर्मनीत हॅनोव्हरला मार्को द्रागो नावाच्या तरुण संशोधकाच्या स्क्रीनवर एक सिग्नल आला. इतका स्वच्छ, की त्याला आनंदाआधी शंकाच आली. लायगोत खोटा सिग्नल मुद्दाम घुसवायची पद्धत होती, लोक जागे आहेत का ते बघायला. 2010 मध्ये असाच एक सिग्नल आला होता. लोकांनी त्यावर सहा महिने राबून शोधनिबंधसुद्धा लिहिला. मार्च 2011 मध्ये पाकीट उघडलं, तर सिग्नल खोटा! म्हणून द्रागो आणि त्याच्या सहकाऱ्यानं आधी अमेरिकेतल्या कंट्रोल रूमला फोन लावला: कुणी काही घुसवलंय का? नव्हतं.

मग त्याहून अवघड प्रश्न आला. कुणी हॅक तर केलं नाही ना? त्याचीही रीतसर चौकशी झाली. 3000 किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत काही मिलिसेकंदांच्या फरकानं नेमका सिग्नल पेरायचा आणि मागे खूण ठेवायची नाही, हे जमलंच तर यंत्र आतून-बाहेरून ओळखणाऱ्या मोजक्या लोकांनाच. तसा काहीही पुरावा सापडला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये शोध जाहीर झाला. माझ्या मते त्या शोधातला हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे.

अशी चौकशी करायची तर प्रत्येक लॉगिनमागे एक खरा माणूस लागतो. ही अक्कल जगाला ठेच खाऊन आली. 1986 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात 75 सेंटचा फरक दिसला. मागे लागल्यावर कळलं की कुणीतरी बाहेरचा घुसलाय आणि तो वापरतोय परदेशी गेलेल्या एका माणसाचं खातं. आजोबा वारले तरी सातबाऱ्यावर नाव तसंच राहतं, फेरफार कुणी करतच नाही, तसला प्रकार. तो घुसखोर निघाला कुठला, तर हॅनोव्हरचाच! योगायोग, दुसरं काही नाही.

पुढे 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. त्यावर उपाय म्हणून तिथल्या तातू युलोनेननं एसएसएच लिहिलं. आज रिमोट सर्व्हरवर जायचं म्हणजे बहुतेक वेळा एसएसएचच. यात किल्ल्या दोन असतात: खाजगी तुमच्या लॅपटॉपवर आणि सार्वजनिक सर्व्हरवर. पण गंमत अशी, की सर्व्हरवर ठेवलेली किल्ली आपोआप जात नाही. टीम पाच जणांची असते तोवर सगळं लक्षात राहतं. पन्नास झाले, दहा सोडून गेले, की जुडग्यात कुणाची कोणती किल्ली हे कुणालाच सांगता येत नाही. त्यातून सगळ्यांनी एकच ॲडमिन खातं वापरलं असेल तर लॉगमध्ये दिसतं फक्त 'ॲडमिन'. माणूस सापडायचा कसा?

लायगोनं म्हणून एक माणूस, एक ओळख असं धोरण ठेवलं. त्यांच्या सूचनांमध्ये नमुन्याचं युजरनेम असतं अल्बर्ट डॉट आईन्स्टाईन, तेवढीच मजा. सदस्यांची यादी मध्यवर्ती. नाव त्या यादीतून गेलं की एकेका सर्व्हरवर जाऊन किल्ल्या शोधत बसावं लागू नये, हा हेतू. आयुकाचा 'सारथी' हा संगणकसमूह याच जाळ्यात आहे, म्हणजे पुण्यातला सर्व्हरही तीच ओळख मानतो.

औंढ्यात अजून लेझर लागायचाय. यंत्र सुरू होईपर्यंत कंत्राटी इंजिनिअर येतील, पीएचडीची पोरं येतील, जातील. आणि एखाद्या पहाटे इथल्या कंट्रोल रूममध्ये फोन वाजेल, तेव्हा पलीकडचा माणूस अभिनंदन करणार नाही. तो आधी विचारेल, काल रात्री आत कोण कोण होतं?