तोफांची प्रत्यागती व वऱ्हाडातील गिरिदुर्ग

तोफ डागली असता गोळा ज्या संवेगाने पुढे जातो, तेवढ्याच संवेगाने तोफ मागे रेटली जाते. या धक्क्यास प्रत्यागती म्हणतात. ती रोखण्यासाठी योजलेल्या उपायांवर तोफेची अचूकता व हालचाल अवलंबून असे.

दख्खनमधील किल्ल्यांत सोळाव्या शतकापासून अवजड तोफा बुरुजावर खुंट रोवून त्यावर बसवीत आणि मागे भिंत बांधून धक्का जिरवीत. अशी तोफ फिरवून नेम धरता येई. मात्र ती दुसऱ्या बाजूस नेणे अत्यंत कठीण असे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यावर ‘नऊगजी’ नावाची लांब तोफ आहे. तिच्या आकारावरून अशा तोफा हलविण्यातील अडचण ध्यानात येते.

चाकांच्या गाड्यावरील तोफ कोठेही नेता येई. पण दर बाराला ती मागे सरके. ती पुन्हा पुढे ओढून नेम धरावा लागे. तटाला खिंडार पाडण्यासाठी गोळे एकाच जागी बसणे आवश्यक असल्याने तोफेखालील जमीन सपाट व भक्कम करावी लागे.

इंग्रज–मराठे युद्धात अडगावच्या लढाईनंतर (२९ नोव्हेंबर १८०३) इंग्रजांनी अमरावती जिल्ह्यातील गाविलगडास वेढा दिला. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरातून सु. ५० किमी. वाट काढून तोफा किल्ल्याच्या उत्तरेस नेल्या. तेथील मोर्च्यात १८ पौंडी दोन व १२ पौंडी तीन लोखंडी तोफा होत्या. १३ डिसेंबरला मारा सुरू झाला, तट फुटला व १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतील किल्ला मात्र शिड्या लावून घेण्यात आला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. १७ डिसेंबर रोजी दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला.

पुढे प्रत्यागती शस्त्रातच जिरविण्याचे उपाय निघाले. त्र्यूय द बोल्यू या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४२ च्या सुमारास नळीच्या तोंडाशी छिद्रे पाडून दारूचा वायू बाजूस वळविण्याची कल्पना मांडली. आजच्या रायफलीवरील ‘मझल ब्रेक’ याच तत्त्वावर चालतो. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी. तोफेत द्रव व हवेच्या दाबाने केवळ नळी मागे सरकून पूर्ववत येई, गाडा स्थिर राही. मझल ब्रेक मात्र नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळलेला असावा लागतो. तो कललेला असल्यास गोळी त्यास घासते व नेम चुकतो.