अंथरुणावर ऐकलेले गाणे



यंदा ज्येष्ठात मला छातीत पाणी झाले. आधी नुसता कोरडा खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप. मी आपला गवती चहाचा काढा घेत राहिलो. शेवटी मुलगा ओरडला आणि बुलडाण्याला घेऊन गेला. एक्स-रे झाला, सुईने पाणी काढून तपासले, आणि डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, क्षय आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवसही चुकवायचा नाही."

क्षय हा शब्द माझ्या पिढीच्या कानाला फार वेगळा लागतो. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या आळीतले एक गृहस्थ या दुखण्याने गेले. त्यांचे ताट वेगळे, तांब्या वेगळा, झोपायला गोठ्याशेजारची खोली. आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकू देत नसत. डॉक्टरांनी मला समजावले, की तुमचा प्रकार सहसा दुसऱ्याला लागत नाही, औषध आहे, बरे व्हाल. डोक्याला पटले. मनाला पटायला दोन महिने लागले.

गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची, तोंडाला चव नसायची आणि दुपार काही केल्या सरायची नाही. पेपर वाचला की डोळे दुखत. टीव्हीवरचे भांडण ऐकवेना. मग नातवाने त्याच्या जुन्या मोबाईलवर गाणी भरून दिली आणि म्हणाला, "आबा, हे ऐका. यांनाही टीबी होता."

ते गाणे कुमार गंधर्वांचे होते.

खरे सांगतो, शास्त्रीय संगीतातले मला काही कळत नाही. कुमारांची नाट्यपदे, भावगीते रेडिओवर ऐकलेली, तेवढीच ओळख. पण माणूस अंथरुणावर असला की वेळच वेळ असतो. मी ऐकत गेलो. नातवाकडून आणि वाचनालयातून काही मागवून वाचत गेलो. इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे गाणे नाही कळले तरी माणसाचा इतिहास कळतो. तोच आज सांगायचा आहे.

कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहान वयातच हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. त्या काळात तबकडी ही लोकांची करमणूक. या मुलाची ती पहिली शाळा ठरली. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत तो गायला तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता, आणि सभा थक्क झाली. पुढे प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर शिक्षण झाले. म्हणजे विशीपर्यंत सगळे मिळाले होते. नाव, गुरू, मैफली. १९४७ साली त्यांच्याच बरोबर शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी लग्नही झाले.

आणि मग क्षय झाला.

तेव्हा क्षयावर उपाय म्हणजे विश्रांती, चांगले खाणे आणि कोरडी हवा. मुंबईची हवा दमट. म्हणून १९४८ च्या सुरुवातीला नवरा-बायको माळव्यात देवासला येऊन राहिले. देवास म्हणजे इंदूरच्या पुढचे गाव, पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात असलेले. मराठी बोलणारी घरे तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची. वर चामुंडा मातेची टेकडी. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली याच थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता, आणि त्याने या टेकडीच्या नावावरूनच आपल्या आठवणींचे पुस्तक केले. आमच्या घाटावरून निघाले तर मलकापूर, बऱ्हाणपूर, इंदूर करत देवासला जाता येते. तिथली माती आपल्या वऱ्हाडासारखीच काळी.

डॉक्टरांनी सांगितले होते, गायचे नाही. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून ज्याने गाण्याशिवाय दुसरे काही केले नाही, अशा पंचविशीच्या आतल्या माणसाला हे सांगणे म्हणजे काय, याचा विचार करा. शिक्षकाला बोलू नको म्हणण्यासारखे. घर चालवायला भानुताईंनी शाळेत नोकरी धरली, आणि शुश्रूषाही त्यांनीच केली. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. असे १९५२ पर्यंत चालले.

आता या चार-पाच वर्षांत करमणूक कसली? टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता, मैफलीला जायचे नाही. होती ती खाटेजवळची खिडकी. त्या खिडकीतून पाखरांचे आवाज यायचे, वारा यायचा. बाजाराला जाणाऱ्या, लग्नाला निघालेल्या माळव्यातल्या बाया गात जायच्या. दारावर भिक्षेकरी जोगी यायचे, ते कबिराची निर्गुण भजने म्हणायचे. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, नाथपंथाची. त्यामुळे ही भजने तिथल्या हवेतच होती.

गावातल्या सगळ्यांनाच ते ऐकू येत होते. पण त्याला कोणी 'संगीत' म्हणत नव्हते. बाया गातात, जोगी भीक मागतो, एवढेच. अंथरुणावर पडलेला हा एकच श्रोता असा निघाला, की ज्याचे कान तयार होते आणि गळा बंद होता. मला वाटते, सगळे मर्म इथे आहे. गळा चालू असता तर तो तानपुरा घेऊन आपलेच गात बसला असता. गळा बंद झाला म्हणून कान दुसऱ्याकडे वळले.

त्यांच्या लक्षात आले, की या बायांच्या गाण्यात तीन-चारच स्वर असतात, पण त्या तीन-चार स्वरांची चाल पक्की असते. तीत एखाद्या रागाचे बी असते. मोठे राग अशाच लोकधुनांतून उगवले असणार, मग अजूनही नवे उगवू शकतील. या विचारातून त्यांनी पुढे मालवती, सहेली तोडी, लगनगंधार असे 'धुनउगम' राग बांधले. बरे झाल्यावर लोकगीते गोळा केली, त्यांचे स्वरलेखन केले, त्यावर आख्खे कार्यक्रम केले. पावसाच्या गाण्यांचा 'गीतवर्षा' झाला. दारावरच्या जोग्यांचे निर्गुण मैफलीत आले आणि देशभर गेले. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. नाट्यसंगीत म्हणजे हलकेफुलके असे मानणारे गवई पुष्कळ. कुमारांनी मात्र 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम करून त्या गाण्याचा अभ्यास मांडला. लोकांचे मन ज्यात रमते ते तुच्छ नसते, हे त्यांना देवासच्या खाटेवर उमगले असावे.

औषधाचेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी भोंदूगिरी केली असे होईल. गाण्याने क्षय बरा होत नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले, त्याबद्दल वॅक्समन यांना १९५२ चे नोबेल मिळाले, आणि साधारण त्याच काळात ते आपल्याकडच्या रोग्यांना मिळू लागले. कुमार वाचले ते या औषधाने आणि भानुताईंच्या कष्टाने. १९५३ साली ते पुन्हा लोकांसमोर गायले. फॉर्स्टरचे ते पुस्तकही नेमके त्याच वर्षी छापून आले. योगायोग, दुसरे काय.

औषधाने शरीर वाचवले. आत जो गाणारा होता त्याला मात्र त्या खिडकीने तगवले.

काही जण म्हणतात, एका फुप्फुसामुळे दम पुरेना, म्हणून त्यांनी तुकड्यातुकड्यांनी गायची रीत काढली. मला हे अर्धेच खरे वाटते. दम कमी म्हणून तुकडे पडतील, पण त्या तुकड्यात काय भरायचे ते दम शिकवत नाही. आधी ते तबकड्यांवरचे दुसऱ्यांचे गाणे हुबेहूब गात. दुखण्यानंतर कोणासारखेच गायले नाहीत. मधल्या वर्षांत त्यांनी फक्त ऐकले होते. चित्रकार मातिस यांचेही असेच ऐकतो. अपेंडिक्सच्या दुखण्यातून उठताना आईने वेळ घालवायला रंगांची पेटी आणून दिली, आणि वकिलाच्या कचेरीत काम करणारा मुलगा चित्रकार झाला. पण दुखण्याने ज्यांना नुसतेच खाल्ले असे लाखो, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. दुखण्याचे गोडवे गाऊ नयेत.

भानुताई १९६१ मध्ये गेल्या. पुढे वसुंधराताईंची साथ मिळाली. १९६५ साली कुमारांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ निघाला. १२ जानेवारी १९९२ ला ते देवासलाच गेले. आले होते हवापालटाला, आणि राहिले चव्वेचाळीस वर्षे.

हे सगळे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती काही केल्या जाईना. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मी सातवीला पानिपत शिकवत होतो. शाळेच्या भिंतीबाहेर एक नाथजोगी किंगरी वाजवत भजन म्हणायला लागला. पोरांचे लक्ष खिडकीकडे. मी एका मुलाला पाठवून त्याला हाकलायला लावले आणि खिडकी लावून घेतली. 'व्यत्यय' म्हणालो होतो, शब्दही आठवतो. तो काय म्हणत होता ते आज मला माहीत नाही. पुन्हा तसा कोणी आमच्या गावात आलेला मी पाहिला नाही.

आणि आमची माय पहाटे जात्यावर गायची. माझी झोपमोड व्हायची म्हणून मी चिडायचो. मी मराठीचा बी. ए. झालो, पोरांना लोकसाहित्यावर चार ओळींची टीप लिहायला शिकवली, पण मायची एक ओवी लिहून घेतली नाही. माय जाऊन आता बरीच वर्षे झाली.

आश्विनात, कोजागिरीच्या आधी, आळीतल्या तीन पोरी भुलाबाई घेऊन आल्या. गाणी त्यांना येत नव्हती, मोबाईलवर लावली होती. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, म्हणाल्या, "बंद करा गं ते," आणि स्वतःच गायला लागल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही गाणी त्यांना येतात हे मला माहीत नव्हते. कधी विचारलेच नव्हते. मी खाटेवर उठून बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शंभर पानी वही मागवली. त्या निवडणे-टिपणे करताना गुणगुणतात, मी लिहितो. चुकले की रागावतात, जन्मभर मी पोरांवर रागावलो त्याचे उट्टे काढतात. आतापर्यंत भुलाबाईची अकरा गाणी आणि त्यांच्या आईच्या चार ओव्या झाल्या आहेत. माझ्या गोळ्या मार्गशीर्षात संपतील. वही त्याआधी भरणार नाही असे दिसते, आणि त्याची मला घाई नाही.

असो. तुमच्या घरात कोणी गुणगुणत असेल, तर आजारी पडायची वाट न बघता ऐकून ठेवा.