बालशाळेंतील दुसरा हात

शिक्षणाच्या इतिहासांत संस्थापकांचीं नांवें राहतात; ज्या हातांनीं मुलांचीं नाकें पुसलीं आणि रडणाऱ्यास कडेवर घेतलें, ते हात बहुधा बिननांवाचेच राहतात. अशाच एका हाताची हकीकत आम्ही आज स्कॉटलंडच्या भूमीवरून सांगूं इच्छितों. ब्रिटनच्या या उत्तर भागांत बालशाळेंतील साहाय्यिकेच्या धंद्याचा आरंभ स्पष्ट दिसतो, आणि त्या धंद्याचें भवितव्यहि तेथें सध्यां कसास लागलें आहे.

क्लाइड नदीच्या कांठीं न्यू लॅनार्क येथें रॉबर्ट ओवेन याची सुताची गिरणी होती. १८१६ च्या जानेवारींत त्यानें मजुरांच्या मुलांसाठीं शाळा उघडली. नुकतीं चालूं लागलेलीं मुलेंहि तींत घेतलीं. लहानग्यांवर त्यानें दोन माणसें नेमलीं : जेम्स बुकॅनन हा विणकर, व मॉली यंग ही सुमारें सतरा वर्षांची गांवांतील मुलगी. बुकॅनन यास लिहितां-वाचतां जेमतेमच येई. मुलांवर माया आणि अपार धीर, एवढीच ओवेनची अपेक्षा होती. मारावयाचें नाहीं, धमकावयाचें नाहीं, पुस्तकांनीं त्रासवावयाचें नाहीं, हा दोघांस दिलेला दंडक होता. बुद्धीनें मात्र दोघांत मॉलीच सरस होती, असें ओवेन यानें १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

थोड्याच वर्षांत बुकॅनन यास लंडनच्या नव्या बालशाळेवर बोलावणें आलें व त्याचें नांव शिक्षणेतिहासांत गेलें. बुद्धीनें सरस असलेल्या मॉलीच्या वाट्यास ओझरता उल्लेख आला. ओवेनची निवड उदार होती, यांत संशय नाहीं. परंतु तिच्या पोटांत एक अनर्थ दडलेला होता. माया हीच पात्रता ठरली, कीं मायेचें मोल काय द्यावयाचें, हा प्रश्न उभा राहतो. आणि तो सोडविणारे लोक बहुधा 'कांहींच नाहीं' या उत्तराकडे झुकतात.

पुढें डेव्हिड स्टो यानें १८३७ सालीं ग्लासगो येथें शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था उघडली. शिक्षकाचा धंदा अशा उपायांनीं हळूहळू प्रतिष्ठित झाला. पण तान्ह्या-लहानग्यांस सांभाळणाऱ्या बाईच्या कामाकडे 'बायकांचें उपजत काम' म्हणून पाहण्याची संवय सुटली नाहीं. या संवयीविरुद्धचा मोठा उठाव व्हावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. २००४ च्या मार्चमध्यें स्कॉटलंडमधील सुमारें पांच हजार बालशाळा-परिचारिकांनीं बेमुदत संप पुकारला. देशभर एकच वेतन असावें, ही त्यांची मागणी होती. संप कित्येक आठवडे चालला. अखेर प्रत्येक स्थानिक मंडळानें आपापला निराळा तह केला. पगार कांहींसा वाढला, पण एकच वेतनाचें तत्त्व हरलें.

त्यानंतर काळ पालटला. २०१४ च्या कायद्यानें तीन-चार वर्षांच्या मुलांस वर्षाला ६०० तासांचें विनामूल्य बालशिक्षण देण्याचें ठरलें, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून तें १,१४० तासांवर गेलें. अर्थात् माणसांची मागणी वाढली. तीन वर्षांवरील आठ मुलांमागें एक, दोन ते तीन वर्षांच्या पांच मुलांमागें एक, आणि त्याहून लहान तीन मुलांमागें एक मोठें माणूस असावें, असा तेथील दंडक आहे. म्हणजे तीन वर्षांवरील नववें मूल दारांत आलें, कीं दुसरा हात लागतोच. जन्मसंख्या घटत असली, तरी उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत व बेटांवर मुलें विखुरलेलीं असल्यामुळें हा दंडक तेथें विशेष जाणवतो. शिवाय १९८२ सालीं गेलिक बालवर्गांची संघटना उभी राहिल्यापासून ती भाषा बोलणाऱ्या साहाय्यिकेची किंमत निराळीच आहे.

तेव्हां काम आहे, हें खरें. पण पोट भरेल काय? १,१४० तास म्हणजे शाळेच्या ३८ आठवड्यांत दर आठवड्यास ३० तास. ज्या साहाय्यिकेस तेवढ्याच तासांचें वेतन मिळतें, तिनें उरलेले चौदा आठवडे काय खावें, याचें उत्तर कायद्यांत नाहीं. स्थानिक मंडळांच्या शाळांत वेतन बरें, खाजगी शाळांत उणें. म्हणून शिकलेली बाई खाजगी शाळा सोडून जाते. साहाय्यिकेस आतां नोंदणी करावी लागते, अभ्यासक्रमहि पुरा करावा लागतो. मॉलीकडून न मागितलेली पात्रता आज मागितली जाते. मोल मात्र त्या मानानें वाढलेलें नाहीं.

ही परदेशची कथा म्हणून वाचकांनीं दूर सारूं नये. आमच्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या योजनेंतील अंगणवाडीची मदतनीस ही मॉलीचीच बहीण होय. तिला जें मिळतें त्यास 'वेतन' न म्हणतां 'मानधन' म्हणतात. २०२२ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें सेविका व मदतनीस या दोघींसहि ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हां या शब्दाच्या आडोशास पहिली मोठी भेग पडली. ज्या कामास वेळ ठरलेली, जबाबदारी ठरलेली आणि चुकल्यास जाब विचारणारा वरिष्ठहि ठरलेला, त्यास वेतन म्हणण्यास आम्हांस जड कां जावें? मानानें चूल पेटत नाहीं, हें मदतनिसीस कोणी शिकविण्याची गरज नाहीं. शिकावयाचें आहे तें आम्हांसच.