दोन वर्षांची विद्यार्थिनी, तीन वर्षांची विद्यार्थिनी
(मंडळीच्या मासिक सभेतील भाषण; ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले)



पेसाहच्या सुमारास आपल्या मंडळीतील एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. ती यंदा वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करणार आहे. ती म्हणाली, "आजी, आपले हे 'कर' लागलेले आडनाव वाचून कोणी माझा अर्ज बाजूला ठेवील का?" मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "नाही गं, आता तसे काही राहिले नाही." घरी आल्यावर मात्र माझेच उत्तर मला खरे वाटेना. अध्यक्षांनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले. मी इतिहासकार नव्हे; माझे आयुष्य वॉर्डात गेले. परंतु या विषयातील काही भाग मी वाचला आहे, आणि काही माझ्यावरून गेला आहे.

आरंभ येथल्या यहुद्यांपासूनच केला पाहिजे, कारण या देशात विद्येचे दार प्रथम त्यांच्याच तोंडावर बंद होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे दीर्घकाळ ख्रिस्ती पंथाची शपथ घेतल्याविना पदवी किंवा अध्यापकपद मिळत नसे. म्हणूनच १८२६ साली लंडनमध्ये धर्माची अट नसलेले युनिव्हर्सिटी कॉलेज निघाले, आणि त्याच्या संस्थापकांत आयझॅक लायन गोल्डस्मिड हे यहुदी गृहस्थ होते. १८६९ साली नुमा हार्टॉग नावाचा यहुदी तरुण केंब्रिजला गणितात पहिला आला, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. तथापि ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप त्याला घेता येईना, कारण ती शपथ त्याच्या जिभेवर येणे शक्य नव्हते. त्याचे उदाहरण पार्लमेंटपुढे आले आणि १८७१ च्या कायद्याने त्या अटी गेल्या. पुढे १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि सेंट जॉन्स कॉलेजचे फेलोही झाले. महाराष्ट्रात 'रँग्लर परांजपे' हे नाव घरोघरी झाले. पण फेलोशिपच्या दाराचा अडसर एका यहुदी मुलाच्या निमित्ताने निघाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हार्टॉग बिचारा कायदा झाला त्याच वर्षी वारला. वय अवघे पंचवीस.

त्यानंतर चार वर्षांनी, १८७५ साली, मुंबईत हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी आपल्या मुलांसाठी इस्राएली शाळा काढली. तोवर आपली मुले मिशनऱ्यांच्या शाळांतच अधिक जात. डॉ. जॉन विल्सन यांनी तर आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले होते. त्यांचा हेतू काय होता हे आपले पूर्वज पुरते जाणून होते. विद्या घेतली आणि धर्म सोडला नाही. केहिमकरांच्या शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने पैशाचे साहाय्य केले. पुढे बगदादी घराण्यातील सर एली कदुरी यांनी देणगी दिली आणि त्यांचे नाव शाळेला लागले. याच शाळेत रिबेका रूबेन १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिल्या आलेल्या या बाई इंग्लंडात शिकून परतल्या आणि आपले सारे आयुष्य त्यांनी माझगावच्या त्या वर्गांत वेचले. मी त्याच शाळेची. माझ्या वेळी बाई हयात नव्हत्या, पण त्यांचा धाक होता.

डॉ. जेरुशा झिराड यांच्याविषयी मला अधिक बोलायचे आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांना विलायतेत पुढे शिकायचे होते. भारत सरकारची शिष्यवृत्ती तोवर एकाही स्त्रीला मिळालेली नव्हती. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या. त्या शिकल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत. ही संस्था १८७४ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांनी काढली, कारण येथली वैद्यकीय विद्यालये इंग्रज स्त्रियांनासुद्धा उभे करीत नव्हती. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले तेव्हा लंडनच्या काही विद्यालयांनी मुलींना घेतले. युद्ध संपून पुरुष परतल्यावर त्यांतील काहींनी पुन्हा दार लावून घेतले. गरज असेपर्यंत दार उघडे, हा प्रकार पुढे माझ्या कथेतही येणार आहे. अशा त्या दिवसांत १९१९ साली झिराडबाई लंडनची एम.डी. झाल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या मुंबईच्या कामा रुग्णालयात होत्या आणि तेथील प्रमुखपद त्यांनी भूषविले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या आईचे पहिले बाळंतपण कामामध्ये झाले होते. 'झिराड डॉक्टरीणबाई' हे शब्द ती अशा स्वरात उच्चारी, की परिचारिका व्हावे ही इच्छा माझ्या मनात कधी रुजली ते मला सांगता येत नाही.

आता १९७१ साल. मी एस.एस.सी. झालेली, इंग्रजीत बरे गुण, वडील रेल्वेत कारकून. उत्तर इंग्लंडातील एका रुग्णालयाकडे मी अर्ज पाठविला. उत्तर आले : 'प्यूपिल नर्स' म्हणून तुमची निवड झाली आहे. घरात गोडाधोडाचे झाले, आजीने एलियाहू हानाबीचा मलिदा केला. 'प्यूपिल' आणि 'स्टूडंट' यांत काही अंतर आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. वडिलांनी शब्दकोश उघडला. दोन्ही शब्दांपुढे 'विद्यार्थी' असाच अर्थ होता.

अंतर होते एका वर्षाचे आणि सगळ्या आयुष्याचे. 'स्टूडंट नर्स' तीन वर्षे शिके आणि राज्याच्या नोंदवहीत नोंदली जाई. तिला स्टाफ नर्स, सिस्टर, मेट्रन असा चढता मार्ग असे. 'प्यूपिल नर्स' दोन वर्षे शिके आणि 'एन्रोल्ड' म्हणजे दुसऱ्या यादीतील परिचारिका होई. ही यादी १९४३ च्या कायद्याने, युद्धातील मनुष्यबळाच्या तुटीतून निर्माण झाली. रुग्णाच्या उशाशी सतत राहणाऱ्या कुशल हातांची गरज होती, आणि ज्या स्त्रिया त्या यादीत गेल्या त्यांनी या देशाच्या आरोग्यसेवेची पाठ तोलून धरली. मी त्या कामाला हलके मानीत नाही आणि कोणी मानलेले खपवूनही घेणार नाही. प्रश्न एवढाच, की त्या यादीत कोणाला बसविले आणि विचारून बसविले काय. सिस्टर होण्याचा रस्ता तेथून नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, ज्या देशांतून मुली आल्या त्यांपैकी अनेक देशांत त्या प्रमाणपत्राला नोंदणी नव्हती. म्हणजे पुढे जाता येत नव्हते, आणि परत जाऊनही उपयोग नव्हता.

आमच्या तुकडीत बारा जणी होतो. बार्बाडोस, जमैका, मॉरिशस, मलेशिया, मी एकटी मुंबईची, आणि एक आयरिश मुलगी. शेजारच्या वर्गात तीन वर्षांच्या मुली बसत. तेथे रंगाचे प्रमाण नेमके उलटे होते. कंबरेचा पट्टा आमचा वेगळा, त्यांचा वेगळा. आठ महिन्यांनंतर एका इंग्रज मैत्रिणीशी शालान्त गुणांविषयी सहज बोलणे निघाले, तेव्हा माझे गुण तिच्याहून कमी नाहीत असे दिसले. मी शिक्षिकेकडे जाऊन वर्ग बदलून मागितला. ती बाई दुष्ट नव्हती. हसून म्हणाली, "तुम्हां मुलींना हातांनी करायचे काम छान जमते." मी उत्तर दिले नाही. मला ते प्रशंसेचे वाक्य वाटले होते. त्यातील अर्थ माझ्या ध्यानी यायला दोन-तीन वर्षे लागली.

ज्या वर्षी मी येथे उतरले त्याच वर्षी ग्रेनाडाचे बर्नार्ड कोर्ड यांची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. वेस्ट इंडियन मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत कसे टाकले जाते, हे त्यांनी तीत दाखविले होते. इंग्रजी वेगळ्या धाटणीची, चाचण्या येथल्या मुलांसाठी रचलेल्या, आणि एकदा त्या शाळेत गेलेले मूल क्वचितच परत येई. आपल्या भारतीय कुटुंबांचा अनुभव निराळा होता. १९६३ साली साउथॉलच्या गोऱ्या पालकांनी तक्रार केली; १९६५ साली सरकारने परिपत्रक काढले, की एखाद्या शाळेत स्थलांतरितांची मुले एकतृतीयांशाहून अधिक नसावीत. मग पंजाबी मुलांना पहाटे बसमध्ये घालून दूरच्या शाळांत नेऊ लागले. गोऱ्या मुलांची बस कोणी काढली नाही. हे सर्व १९८० च्या आसपास बंद पडले. माझ्या रुग्णालयातील एका पंजाबी सफाईकामगार बाईचा मुलगा त्या बसमध्ये वाढला होता. ती म्हणे, मुलाला शाळेत एकही मित्र नाही, कारण शाळा सुटली की बस सुटते.

१९६८ च्या कायद्याने नोकरीत वर्णभेद निषिद्ध झाला. शिक्षण त्यात यायला १९७६ साल उजाडले. १९७६ च्या कायद्यात एक नवी गोष्ट होती : अप्रत्यक्ष भेदभाव. नियम सर्वांना सारखा दिसतो, परंतु त्याच्या चाळणीतून एकाच समाजाची माणसे गळत असतील आणि त्याचे समर्थन करता येत नसेल, तर तोही भेदभावच. मी हे वाचले आणि मला तो शब्दकोश आठवला.

एन्रोल्ड परिचारिकांचे शिक्षण पुढे ऐंशीच्या दशकातील 'प्रोजेक्ट २०००' या योजनेने बंद करीत आणले आणि आमच्यासारख्यांसाठी रूपांतराचे अभ्यासक्रम निघाले. जागा थोड्या, रांग लांब. मला जागा मिळाली तेव्हा मी दोन मुलांची आई होते, रात्रपाळी करून दिवसा वर्गात बसे. नोंदणीकृत झाले, नंतर डिप्लोमा केला, शेवटची काही वर्षे वॉर्डची सिस्टर होते. बार्बाडोसची माझी मैत्रीण मात्र थकली होती. "आता कशाला?" म्हणाली. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या किती तरी मुली तिच्या वरच्या पदावर होत्या.

त्या मुलीच्या प्रश्नाशी सर्वांत जवळची घटना डॉक्टरीच्या प्रवेशातीलच आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलने अर्जांची पहिली छाननी संगणकाकडे सोपविली होती. हेतू चांगला होता : माणसाची लहर जावी आणि श्रम वाचावेत. परंतु संगणकाला शिकविले ते पूर्वीच्या निवडकर्त्यांच्या निर्णयांवरूनच. नाव युरोपीय नसेल तर गुण वजा. स्त्री असेल तरीही वजा. त्या संस्थेतीलच दोन डॉक्टरांनी ही गोष्ट उघडकीस आणली, आणि १९८८ साली वंशसमानता आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. वर्षाला सुमारे साठ अर्जदार केवळ यामुळे मुलाखतीस मुकले असावेत, असा अंदाज होता. गमतीची नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की या संस्थेत बाहेरच्या वंशाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण लंडनच्या इतर अनेक विद्यालयांहून अधिकच होते. इतरत्र तोच निवाडा माणसे मनातल्या मनात करीत होती. त्याचा कागद मागे राहत नव्हता. संगणकाने तो लिहून ठेवला म्हणून सापडला.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आपल्यात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. माझ्या आजीच्या काळी कोकणातील गावांत काळे म्हटल्या गेलेल्या कुटुंबांशी रोटीबेटीचा व्यवहार नसे. आणि बगदादी मंडळी तीच वागणूक आपल्याला देत; रंगूनच्या सिनेगॉगमध्ये आपल्या लोकांना मताचा हक्क मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि १९३५ साली निकाल आपल्या बाजूने लागला. तो खटला आपण अभिमानाने सांगतो. आजीच्या ओटीवरची गोष्ट कोणी सांगत नाही. मीही आज प्रथमच सांगते आहे.

त्या मुलीला मी गेल्या रविवारी पुन्हा बोलावले. पहिले उत्तर मागे घेतले. आडनाव जसेच्या तसे लिही, म्हटले. नकार आला तर कारण लेखी माग आणि तो कागद जपून ठेव. कोणी "तुझ्यासाठी हा दुसरा अभ्यासक्रम बरा" असे गोड शब्दांत सुचविले, तर तो किती वर्षांचा, त्याने कोणत्या नोंदवहीत नाव लागते आणि पुढे कोठवर जाता येते, हे तीन प्रश्न आधी विचार. तिने ते फोनमध्ये टिपून घेतले. मग म्हणाली, "आजी, तुमचे ते पत्र बघू ना."

ते पत्र आज मी बरोबर आणले आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाहावे. आपल्यातील आणखी काही भगिनी त्याच सुमारास परिचारिका म्हणून येथे आल्या. त्यांची किंवा त्यांच्या मातांची नेमणूकपत्रे, प्रमाणपत्रे, पट्ट्याचे बक्कल, जे काही कपाटात असेल ते पुढील सभेला आणावे. सचिवांनी त्यांची नोंद करून घेण्याचे मान्य केले आहे. मूळ कागद त्याच दिवशी परत मिळतील.