मांजरपाटाची बंडी

मागच्या मे महिन्यात चार दिवस अमळनेरला आजीकडे गेलो होतो. पारा ४४ च्या वर, लाईट गेलेली आणि माझ्या अंगात ऑफिसच्या कुठल्याशा इव्हेंटमध्ये फुकट मिळालेला टी-शर्ट. आजीने ट्रंकेतून आजोबांची अर्ध्या बाहीची बंडी काढली आणि म्हणाली, "ते प्लॅस्टिक काढ आधी, हे घाल."

प्लॅस्टिक हा शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. लेबलवर शंभर टक्के पॉलिएस्टर लिहिलेलं. सुती धागा हवेतली साधारण साडेआठ टक्के ओल स्वतःत धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे घाम तिथेच. इथवर ठीक. पण बंडीचं कापड काही तलम वगैरे नव्हतं. चांगलं जाडंभरडं मांजरपाट! आणि तरीही पाच मिनिटांत बरं वाटायला लागलं. हे कसं काय? डोक्यात किडा वळवळायला लागला आणि पुढचे दोन वीकएंड त्यातच गेले.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकदम भाव आला. पण हा कापूस आखूड धाग्याचा. साहेबाने बियाणं बदलून बघितलं, पण देशी वाण इथे टिकून राहिले. आखूड धाग्यातून तलम सूत काढता येतच नाही असं नाही, ढाक्याची मलमल आखूड धाग्याच्याच कापसाची होती. पण ती हाताने, दमट हवेत, अफाट सब्र ठेवून कातलेली. गिरणीच्या चात्यांवर तेवढे लाड होत नाहीत. तिथे आखूड धागा म्हणजे जाड सूत आणि जाड सूत म्हणजे जाड कापड.

विसावं शतक उजाडता उजाडता ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरवरून गेली, आणि पुढे प्रतापशेठनी इथे प्रताप मिल काढली. (याच प्रतापशेठनी १९१६ मध्ये गावात तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. कापड आणि वेदांत एकाच गावात! आणि १९४५ ची वनस्पती तुपाची कंपनीही इथलीच, तीच पुढे विप्रो झाली. असो, तो वेगळा लेख.) तर अशा प्रदेशात उन्हाळ्याचा हलका कपडा करायचा तर धाग्यात हलकेपणा शोधून उपयोग नव्हता. तो बेतण्यात शोधावा लागला.

बंडी उलगडून जमिनीवर पसरली तेव्हा हे कळलं. तिच्यात एकही वळणदार काप नाही, गळा सोडला तर. पुढचा भाग सरळ चौकोन, पाठ सरळ चौकोन, बाह्या म्हणजे दोन सरळ पट्ट्या. हातमागाच्या कापडाचा पन्हा लहान असायचा, म्हणून जुने कपडे त्या पन्ह्यातच बेतलेले. तिरपं कापलं की चिंध्या उरतात, आणि कापड महाग होतं, शिलाई नाही. पण नुसते चौकोन जोडले तर हात वर करताना बगलेत ताण येतो. त्यावरचा उपाय म्हणजे चौबगला, बगलेत तिरपा बसवलेला छोटा चौकोनी तुकडा. कापड तिरपं ओढलं की थोडं ताणलं जातं, त्यामुळे घट्ट न करताही हात मोकळा फिरतो, आणि प्रत्येक हालचालीला आत हवा खेळते. इतकं साधं डिझाईन आम्हाला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कोणी दाखवलं नाही.

आता हे घरी शिवणं. आपल्याला वाटतं की पूर्वी सगळं घरीच शिवायचे. तसं नाही. बायका खणाची चोळी हाताने शिवायच्या, जुन्या मऊ धोतराची झबली-टोपडी करायच्या, पण पुरुषांची बंडी, अंगरखा हे शिंप्याचं काम. घरातले बाकीचे कपडे म्हणजे लुगडं आणि धोतर, त्यांना शिलाईच नाही. सिंगर कंपनीला भारतात नेमका हाच त्रास झाला. तिचा इथला कारभार बरीच वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. न शिवता नेसणाऱ्या देशात शिलाई मशीन विकायचं म्हणजे काय सेल्स टार्गेट असेल विचार करा!

आणि यंत्रांना विरोध करणारे गांधीजी? १९२४ मध्ये त्यांनी सिंगरचं मशीन हा सन्माननीय अपवाद ठरवला. त्यांचा समज असा की सिंगरने बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून ते बनवलं. (सिंगरसाहेबांचे एकाहून जास्त संसार होते आणि पेटंटवरून कोर्टबाजीही झाली, हे बापूंना बहुधा कोणी सांगितलं नसावं.) त्याच १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. पुढे १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि खादी खानदेशात घरोघरी बोलली जाऊ लागली. त्याच दशकात कलकत्त्यात उषा मशीन बनायला लागलं. म्हणजे ज्याला आपण 'आजीच्या हातचं' म्हणतो ते गिरणीचं कापड आणि लोखंडी मशीन या दोघांशिवाय झालंच नसतं.

आजीचं मशीन हप्त्याने घेतलेलं. त्यावर तिने गल्लीतल्या निम्म्या पोरांची झबली, पोरींची पोलकी आणि म्हाताऱ्यांच्या बंड्या शिवल्या. शिलाईचे पैसे डाळीच्या डब्यात. त्यातून माझ्या बाबांची कॉलेजची फी गेली, हे मला या वेळी पहिल्यांदा कळलं. रेशन कार्डावर तिच्या नावापुढे व्यवसाय काय लिहिलाय? 'घरकाम.' मी जरा तावातावाने विचारलं तर म्हणाली, "मग काय, घरातच तर करत होते."

पुण्याला परत आल्यावर सव्वादोन मीटर मांजरपाट आणलं आणि शेजारच्या काकूंच्या मशीनवर दोन रविवार घालून बंडी शिवली. टीप वाकडी आली, पण बंडी झाली. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची बॅग काढायला हात वर केला आणि बगलेत टर्रर्र! आजीला फोन केला.

"चौबगला घातला नाहीस ना?"

घातला नव्हता. तेवढाच एक तुकडा बारीक आणि किचकट, म्हणून गाळला होता.

"उसव आणि परत शीव," म्हणाली, आणि फोन ठेवला.