एका रिव्हॉल्व्हरचे वय

जुन्या शस्त्राविषयी घराण्यात जी आख्यायिका चालत आलेली असते, तीस शस्त्रावरील छापांची साक्ष क्वचितच मानवते. उत्तरेकडील मराठी वसाहतींत तर प्रत्येक गंजलेले पिस्तुल सत्तावनचे असते. कानपुरात, बिठूरच्या इतक्या जवळ राहून, आम्हांस याचे नवल वाटत नाही. तथापि येथील मंडळाच्या प्रदर्शनात ‘नानासाहेब पेशव्यांच्या पदरचे पिस्तुल, १८५७’ अशी चिठ्ठी लावून एक रिव्हॉल्व्हर मांडले जाणार असे कळले, तेव्हा मात्र स्वस्थ बसणे आम्हांस योग्य वाटेना. घरातली गोष्ट घरात शोभते. मुलांनी वाचावी म्हणून ती काचेच्या कपाटात ठेवायची, तर तिची पारख व्हावयास हवी.

सत्तावन साली रिव्हॉल्व्हर नव्हते असे नाही. अमेरिकेचा कोल्ट आणि इंग्लंडचा अ‍ॅडम्स या दोघांची हत्यारे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात झळकली होती, आणि उठावाच्या वेळी कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ती होती. परंतु त्यांची भरण्याची रीत निराळी होती. फिरत्या नळकांड्याच्या प्रत्येक कोठ्यात पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागे तांब्याची टोपी बसवावयाची. आमच्यापुढे आलेले रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडणारे निघाले. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि एक चांदणीच्या आकाराची चकती सहाही कोठ्यांतील रिकामी काडतुसे एकदम वर उचलते. अशी वेब्ली बनावट ब्रिटिश सैन्याने स्वीकारली ती १८८७ मध्ये. पहिल्या पाच प्रकारांची मूठ पक्ष्याच्या चोचीप्रमाणे वळलेली असे. येथे ती चौकोनी, आणि नळी सहा इंचांची. हा सहावा प्रकार, १९१५ चा. चौकटीवर तेल लावून पुसताच ‘१९१७’ हा आकडाही स्वच्छ उमटला.

वृद्ध मालक क्षणभर गप्प झाले. त्यांचे धाकटे बंधू मात्र लगेच म्हणाले, “दादा, मी सांगत नव्हतो? हे आजोबांनी कुतहून आणलेले!” आजोबा मराठा पलटणीत होते, हे खरे. परंतु कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली टाउनशेंडची फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तीत मराठा पलटणीही होत्या. १९१७ साली घडलेले हत्यार त्या वेढ्यात कसे असेल? शिवाय शरण गेलेला सैनिक बंदिवासातून रिव्हॉल्व्हर घेऊन परततो, ही कल्पनाही विलक्षणच.

चौकट, नळी व नळकांडे या तिन्हींवर एकच क्रमांक होता. म्हणजे भाग बदललेले नव्हते. क्रमांकाचे महत्त्व किती, हे भगतसिंगांच्या पिस्तुलावरून ध्यानी येते. तो कोल्ट १९६९ पासून इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शाळेत होता. २०१६ मध्ये काळ्या रंगाखालून निघालेला १६८८९६ हा क्रमांक लाहोर खटल्याच्या कागदांशी जुळला, तेव्हा कुठे त्याची ओळख पटली. आमच्या रिव्हॉल्व्हरवर आणखी एक खूण होती: सरकारी मालकीचे दोन बाण टोकास टोक लावून उमटवलेले. याचा अर्थ, सैन्याने ते रीतसर विकून टाकले. लूट नव्हे, पराक्रमाची खूणही नव्हे. नळी व कोठे जोडकाम करून कायमची बुजवलेली होती, म्हणूनच १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमाखाली ते घरात राहू शकले.

आता कातडी म्यान. ते सॅम ब्राउन पट्ट्यात अडकवावयाचे होते. या पट्ट्याचा जनक सॅम ब्राउन याचा डावा हात ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पीलीभीतजवळ सिरपुऱ्याच्या चकमकीत तुटला, आणि एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने तो योजिला. अर्थात म्यानही सत्तावनचे नव्हते. परंतु त्याच्या आतील कातड्यावर चार इंची नळीचा दाब उमटलेला होता. मूळ म्यान दुसऱ्याच, आखूड हत्याराचे! तळाची शिवण उसवून कोणा मोच्याने जाड दोऱ्याने दोन इंचांचा तुकडा जोडला होता. झाकणाच्या आतल्या बाजूस शाईची पुसट अक्षरे होती. घरच्यांनी ती नक्षी समजून सोडून दिली होती. ती मोडी होती. आम्हांस मोडी जेमतेम लागते; तरी आजोबांचे नाव व पुढे ‘हवालदार’ एवढे वाचता आले.

नानासाहेबांचे नाव असलेली चिठ्ठी वृद्धांनी स्वतःच काढली. नवी चिठ्ठी आम्ही लिहून दिली: वेब्ली, सहावा प्रकार, १९१७, म्यान त्याहून जुने, दुरुस्त केलेले. त्यांनी एवढेच सुचविले की, म्यान पुढे ठेवावे, झाकण उघडे ठेवून, आणि रिव्हॉल्व्हर मागे.