कफाची साक्ष

खोकून टाकलेल्या कफाकडे पाहून आपण तोंड फिरवतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, ग्रँड जंक्शन येथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. जीनो सॅकोमॅनो यांनी मात्र त्याच कफाला साक्षीस बोलावले आणि ती साक्ष ऐकण्यात आयुष्याची कित्येक वर्षे वेचली.

त्या मुलखात युरेनियमच्या खाणी होत्या. खडकातून निघणारा रेडॉन वायू कोंदट बोगद्यांत साचे. त्याचे विषारी कण श्वासावाटे कामगारांच्या फुप्फुसांत शिरत. त्यात पुष्कळांना सिगारेटचे व्यसन. सॅकोमॅनो या कामगारांचा कफ पुनःपुन्हा तपासू लागले. चिकट कफात पेशी गुरफटून राहतात. म्हणून मद्यार्कात टिकवलेला कफ ताकासारखा यंत्राने घुसळून पेशी मोकळ्या करण्याची रीत त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. पेशी एका रात्रीत बिघडत नाहीत, पायरीपायरीने, वर्षानुवर्षांनी कर्करोगाकडे जातात, हे त्यांनी १९७४ साली मांडले.

मग माणसे वाचली काय? तसे म्हणण्यास आम्ही धजत नाही. १९७० नंतरच्या मोठ्या अमेरिकन चाचण्यांत क्ष-किरण तपासणीला कफतपासणीची जोड देऊनही मृत्यू घटले नाहीत. साक्ष खरी होती; पण नुसत्या साक्षीने न्याय होत नाही. खाणीत खेळती हवा हवी होती. रेडॉनला मर्यादा घालणारा केंद्र सरकारचा नियम १९६७ साली आला. तोवर कित्येकांच्या फुप्फुसांत रोगाचे बीज पडून गेले होते. सूक्ष्मदर्शक बोलतो, त्याचे वेळीच ऐकणे हे काम मात्र समाजाचे.